उंबऱ्याबाहेरची बैठक

आमच्या धुळ्याच्या वर्कशॉपमध्ये बैठक असली की कामगार खोलीत यायचे नाहीत. व्हरांड्यात, खिडक्यांशी, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे, पण उंबऱ्याच्या आत कोणी पाय टाकायचं नाही. आत रिकाम्या खुर्च्या, टेबलाशी साहेब, कोपऱ्यात टिपणं घेणारी मी, आणि खिडकीच्या गजांना धरलेले हात. बदलून आलेला प्रत्येक नवा साहेब पहिल्या बैठकीत माझ्याकडे बघायचा. मी सांगायची, इथे असंच असतं, तुम्ही बोला, त्यांना ऐकू जातं.

मी रुजू होण्याच्या बरंच आधी एका बैठकीत हजेरीच्या म्हणून सह्या घेतल्या होत्या आणि नंतर त्याच सह्यांना ओव्हरटाइम सोडून दिल्याचं पान जोडलं गेलं, असं कामगार सांगत. ती फाईल मी पाहिलेली नाही, त्यामुळे खरं किती ते सांगता येणार नाही. पण तेव्हापासून ठरून गेलं होतं की खोलीत बसायचं नाही, म्हणजे हजर होता असं कोणी म्हणणार नाही. आणि बैठकीच्या कागदावर सही करायची नाही. इतर कागदांवर करत, पण तेही सावधपणे. गणवेश मिळाल्याची पावती दिली तरी आधी ती उलटून पाहत, सहीखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढत, मग पेन परत देत. फक्त मस्टरवर ते न बघता सही करत. सकाळी फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली टेबल मांडलेलं असायचं, त्यावर मस्टर. बोलता बोलता, डबा काखेत धरून सही करायची आणि आत जायचं.

आमचं महामंडळ सरकारी. पाणीयोजनांचे पंप आणि मोटारी वर्कशॉपात दुरुस्तीला येत. जळालेल्या मोटारीची तार काढायची, नवी गुंडाळायची, व्हार्निश मारायचं, भट्टीत सुकवायचं. अलीकडे ही कामं बाहेरच्या ठेकेदारांकडे जायला लागली होती आणि शेडमध्ये निम्मी जागा रिकामी दिसायची. माझ्याकडे आस्थापनेचं टेबल होतं. रजा, बढत्या, सेवापुस्तकं. त्यामुळे कोणाच्या घरी काय आहे हे मला सगळ्यांच्या आधी कळायचं. मला त्यात विशेष गोडी नव्हती, पण कामच ते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी जळगावच्या कार्यालयातून बोलावणं आलं. फोनवर विषय सांगितला नाही. पारोळ्यापर्यंत मी बसमध्ये पेपर वाचला, एरंडोलनंतर नुसता हातात धरून बसले.

जळगावचे साहेब माझ्याहून वयाने बरेच लहान होते. कामात चोख, बोलायला नीट, आणि कायम घाईत. त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की नवा आकृतिबंध मंजूर झाला आहे. म्हणजे कुठल्या जागा ठेवायच्या आणि कुठल्या काढायच्या याचा तक्ता. त्या तक्त्यात धुळ्याचं वर्कशॉप नव्हतं. कोणाची नोकरी जाणार नव्हती, सगळ्यांना दुसरीकडे सामावून घेणार होते. पण कुठे, हा प्रश्न होता. परिपत्रकात लिहिलं होतं की निर्णयाआधी कर्मचाऱ्यांना माहिती द्यावी, त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि ज्यांची घरची अडचण बैठकीच्या इतिवृत्तात नोंदली जाईल त्यांना जवळच्या जागा आधी द्याव्यात. सोबत हजर राहणाऱ्यांच्या सह्या. बाकीच्यांना राज्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे.

“रिकाम्या जागा कुठे आहेत?” मी विचारलं.

“कोकणात भरपूर आहेत. तिकडे कोणी जात नाही.”

मी त्यांना उंबऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांना वाटलं मी वाढवून सांगते आहे. म्हणाले, मॅडम, उन्हाळ्याचे दिवस आहेत, आत कूलर लावा, येतात की नाही बघा. आणि बैठकीपर्यंत कोणाला काही बोलू नका, नाहीतर पुढाऱ्यांकडे धावपळ सुरू होईल.

परतीच्या बसमध्ये मी एकाच बाईचा विचार करत होते. तिला सगळे अक्का म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिचा नवरा आमच्याकडे फिटर होता. तो आजारात गेला आणि तिला त्याच्या जागी अनुकंपेवर घ्यायची फाईल जळगावला अडकली. तेव्हा वर्कशॉपातली माणसं एक दिवस रजा टाकून जळगावच्या कार्यालयाबाहेर जाऊन बसली होती, आणि फाईल हलल्याशिवाय उठली नव्हती. अशी ती हेल्पर म्हणून लागली. मोटारींचे भाग धुणं, व्हार्निशचा ब्रश मारणं, उचलठेव. ती सोनगीरहून रोज बसने यायची. घरी सासू. कंबरेचं हाड मोडल्यापासून सासू जागेवरच होती. सकाळचं सगळं उरकून अक्का निघायची, दुपारी शेजारीण सासूला पाणी आणि घासभर काही द्यायची, आणि दिवेलागणीच्या आत अक्काला घरी पोचावंच लागायचं. त्या घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. नरडाण्याच्या आमच्या गोदामात हेल्परची एक जागा रिकामी होती, हे मला माहीत होतं. सोनगीरहून नरडाणा धुळ्यासारखंच, बसने पटकन होणारं. कोकणात टाकलं तर तिला नोकरी सोडावी लागणार, यात शंकाच नव्हती.

माझं स्वतःचं म्हणाल तर माझी खुर्ची जळगावला जाणार होती. रोजचा प्रवास वाढेल, गुडघे कुरकुरतील, पण जमण्यासारखं होतं. म्हणून मी माझ्याबद्दल फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी फाटकातून आत येते तोच कळलं की बातमी माझ्या आधी पोचली आहे. जळगावच्या जीपच्या ड्रायव्हरने फोन केला होता, आणि त्याच्या एका बातमीच्या शेडमध्ये तीन बातम्या झाल्या होत्या. वर्कशॉप विकणार, वर्कशॉप नाशिकला नेणार, निम्म्यांना घरी बसवणार. नाना मस्टरच्या टेबलाशी उभे होते. वाइंडिंगमधले सर्वांत जुने, निवृत्तीला थोडेच राहिलेले. पूर्वीच्या त्या बैठकीत ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांतले ते एकटेच आता कामावर होते, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघून पाऊल टाकत.

“काय ताई,” ते म्हणाले, “आम्हाला टेंपोने पाठवणार का रेल्वेने?”

मी साहेबांचा शब्द अर्धा पाळला. वर्कशॉपचं काय होणार ते बोलले नाही. पण बैठक नेमणुकांबद्दल आहे, ज्याची घरची अडचण असेल त्याने ती सांगायची तयारी करून यावं, आणि या खेपेला आत येऊन बसावं, एवढं सांगितलं.

“आत कूलर लावणार म्हणे.”

“लावणार आहे.”

“मग बातमी चांगली नाही. चांगली असती तर उन्हातच सांगितली असती.”

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही.

बैठकीच्या दिवशी ऊन असं होतं की व्हरांड्याच्या पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे भट्टीच्या दाराशी उभं राहणं. आत कूलर, वाळ्याचा वास, मांडलेल्या खुर्च्या, पाण्याचे जार. साहेब आले, बसले. बाहेर सगळे जमले, टॉवेल डोक्यावर घेऊन, गमछे ओले करून. आत कोणी आलं नाही. साहेबांनी दोनदा बोलावलं. मग हजर असल्याचा पुरावा तरी असावा म्हणून त्यांनी फोटोसाठी मोबाईल उचलला. तशी खिडकीतल्या सगळ्यांनी पाठ फिरवली. एकजात, कवायतीत फिरावं तशी. मी इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच पाहत होते, पण त्यांनी ते आधी ठरवलेलं होतं हे उघड होतं.

साहेबांनी मोबाईल खाली ठेवला आणि परिपत्रक वाचायला घेतलं. वाचणं भराभर, भाषा सरकारी, त्यात कूलरची घरघर. बाहेर एकाला शब्द कळला तर शपथ. शेवटी नानांनी गजांशी तोंड आणलं आणि सांगितलं की साहेब, एक तर तो कूलर बंद करा, नाहीतर ते परिपत्रक आम्हाला मोबाईलवर पाठवा. साहेबांनी कूलर बंद केला. थोड्या वेळात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. तरी वाचत राहिले, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

वाचून झालं. बाहेर कोणाला कळलं की नाही, कळत नव्हतं. मी उठून खिडकीशी गेले आणि साध्या भाषेत सांगितलं. वर्कशॉप बंद होणार आहे. नोकरी जाणार नाही. जागा बदलणार आहे. जवळ कोणाला द्यायचं ते तुमच्या अडचणी बघून ठरवणार. अडचण आज सांगायची, मी लिहून घेते.

“वर्कशॉप बंद” हे ऐकल्यावर मागे कोणीतरी खाली बसलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणाची मुलगी बारावीला, कोणाची बायको दवाखान्यात, कोणाचं घर नुकतंच बांधलेलं, कोणाला निवृत्तीला थोडंच राहिलं. मी एकेकाला थांबवून नावानिशी लिहीत गेले. अक्का सगळ्यांच्या मागे होती. तोंडाला रुमाल बांधलेला, त्यातून आवाज आला.

“माले नरडाणा. सासू जागावर शे.”

साहेबांनी विचारलं, कोण बोललं? खिडकीतून त्यांना दिसत नव्हतं. मी नाव सांगितलं.

मग मी सह्यांचा कागद घेऊन स्वतः बाहेर गेले. वरती फक्त तारीख आणि ‘बैठकीस हजर’ एवढंच लिहिलं होतं. कागद उलटा करून दाखवला, कोरा होता. कोऱ्या जागेवर मीच रेघा मारून दिल्या. नानांनी पेन हातात घेतलं नाही. म्हणाले, तेव्हाही कागद कोराच होता. त्यांच्यानंतर कोणी पुढे आलं नाही. अक्का माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे, पण ती जागची हलली नाही.

साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले, “सह्या नसतील तर मला ‘कोणीही उपस्थित नव्हते’ असं लिहावं लागेल, मॅडम. मग हे सगळं तुम्ही लिहून घेतलेलं कोणाचं?” महिनाअखेरपर्यंत कागद जळगावला पोचायला हवे होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी अक्काला गाठलं. ती एका मोटारीला व्हार्निश मारत होती. मी तिला सरळ सांगितलं, बैठकीचं जाऊ दे, तू तुझा वेगळा अर्ज दे, मी आजच पाठवते. नरडाण्याला जागा एकच आहे. तिने ब्रश थांबवला नाही.

“मी एकलीनी सही करी दिधी आनि नरडाणा लई लिधं,” ती म्हणाली, “ते ह्या बठ्ठासना तोंडकडे कशी देखसू मी?”

“मग कोकणात जाशील?”

“माले समजस, ताई.”

“सासूला कोण बघेल?”

तिने ब्रश पुन्हा व्हार्निशमध्ये बुडवला. मला तिचा राग आला, तो मी लपवलाही नाही. मी म्हटलं, तुझ्यासाठी बसले होते ते सगळे, पण तुझ्या सासूला पाणी पाजायला त्यांतला एकही येणार नाही. तिने डबा बाजूला सरकवला आणि दुसरी मोटार पुढे ओढली.

दोनच दिवसांनी जळगावहून साहेबांचा फोन आला. त्यांना मार्ग सापडला होता, आणि तो त्यांनी चांगल्या मनाने काढला होता असंच मला वाटतं. म्हणाले, बैठकीच्या दिवशीच्या मस्टरवर सगळ्यांच्या सह्या आहेत ना? मग त्या पानाची झेरॉक्स हजेरी म्हणून जोडा. ते आवारात होते, बोलले, तुम्ही लिहून घेतलं. खोटं काहीच नाही.

खोटं खरंच काही नव्हतं. मी मस्टर कपाटातून काढलं, ते पान उघडलं, झेरॉक्सचं मशीन सुरू केलं. मशीन गरम होईपर्यंत उभी राहिले आणि मग बंद केलं. हे मी फार मोठं काही केलं असं म्हणून सांगत नाही. हिशेब साधा होता. ही गोष्ट उद्या कळणार, आमच्याकडे सगळंच कळतं. आणि कळली की माणसं मस्टरवरही सही करणार नाहीत, बदलीच्या आदेशावरही करणार नाहीत. एक सही ते न बघता करत होते, तीच मी घेऊन दुसरीकडे लावायची होती. त्यांना जी भीती इतकी वर्षं होती, बरोबर तीच गोष्ट.

पण न जोडावी तर अक्का गेली. महिनाअखेर जवळ येत होती.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्याला आमच्या कार्यालयाचा कंटाळा आहे. जेवता जेवता तो म्हणाला, तुझं काय जातंय, त्यांच्याच भल्याचं आहे, जोडून टाक. मी विचारलं, तुझी सही बँकेत आहे, ती मी तुझ्या भल्यासाठी काढून कुठे लावली तर चालेल? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, कुठे लावलीस? पुढे बराच वेळ त्याला पटवावं लागलं की कुठेही लावलेली नाही. भाजीत मी दोनदा मीठ घातलं होतं, ते त्याने मग सांगितलं.

सकाळी मी लवकर गेले. कडुनिंबाखाली टेबल मांडलं, मस्टर ठेवलं, पण उघडलं नाही. त्यावर हात ठेवून उभी राहिले. माणसं येत गेली, थांबत गेली. रांग जमली. मी त्यांना सांगितलं की जळगावचं म्हणणं असं असं आहे. बैठकीच्या दिवशीचं मस्टरचं पान हजेरी म्हणून जोडायचं आहे. जोडलं तर तुमच्या अडचणी कागदावर येतात, नाही जोडलं तर कोणी हजरच नव्हतं असं होतं. जो नाही म्हणेल त्याचं नाव मी पट्टी लावून झाकीन. जो हो म्हणेल त्याचंच दिसेल.

मग मागून एक जण म्हणाला, “म्हणजे तेव्हा न विचारता जोडलं, आता विचारून जोडणार. प्रगती आहे.”

थोडं हसणं झालं, तेही कोरडं. एका फिटरने विचारलं की ताई, तुम्ही न सांगता जोडलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं? मी म्हटलं, जीपचा ड्रायव्हर आहे ना. यावर मात्र खरे हसले. मग वाद सुरू झाला. कोणी म्हणे, आज मस्टर दिलं तर उद्या काय देणार. कोणी म्हणे, वर्कशॉपच राहणार नाही तर मस्टर कसलं सांभाळता. आवाज चढले. मी नानांकडे बघत होते. सगळेच बघत होते. ते झाडाला टेकून उभे होते.

“माझं नाव झाका,” नाना म्हणाले. “मी एकदा हजेरीची पहिली सही केली आणि पुढे वीस जणांचं नुकसान झालं. आता परत नाही करणार, मग तुम्ही विचारा नाहीतर नका विचारू.” मग रांगेकडे वळून म्हणाले, “पण ते माझं. मन्हाकडे नका देखा. ज्यानं त्यानं सांगा.”

तरी क्षणभर कोणी हललं नाही. इतक्या वर्षांची सवय एका वाक्याने सुटत नाही. माझ्या हाताखाली मस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर घामाने ओलं झालं होतं. रांगेच्या शेवटी अक्का होती. ती बाजूला झाली, रांग सोडून टेबलापर्यंत चालत आली, आणि माझ्याशी नाही, नानांकडे तोंड करून बोलली.

“नाना, मन्हं जोडू देस मी.”

नानांनी मान हलवली. बस, एवढंच.

मग ती माझ्याकडे वळली. “काय लिखेल शे ते वाचा.”

मी तिची नोंद वाचली. ‘सासू आजारी असल्याने नरडाणा येथे नेमणूक मिळावी.’

“आजारी नका लिखू. आजारी लिखं ते म्हनतीन, बरी व्हई जाई. जागावर शे असं लिखा.”

मी खोडून तसं लिहिलं. मग एकेक जण पुढे यायला लागला आणि प्रत्येकाला आपापली नोंद वाचून घ्यायची होती. एकाच्या बायकोचा आजार मी चुकीचा लिहिला होता. एकाला अचानक आठवलं की त्याला नरडाणा नको, सावदा हवं, सासुरवाडी तिकडे आहे. त्या दिवशी काम उशिरा सुरू झालं. पाच जणांनी नाव झाकायला सांगितलं, त्यांत नाना.

कागद मी पोस्टाने किंवा जीपने पाठवले नाहीत, स्वतः घेऊन गेले. साहेबांनी झेरॉक्सवरच्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या.

“हे काय?”

“ते नाही म्हणाले.”

“तुम्ही त्यांना विचारलंत?”

“हो.”

त्यांनी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. वरून शेरा येईल, म्हणाले. येऊ दे म्हटलं, उत्तर मी लिहून देईन. त्यांनी कागद फाईलला लावले आणि पहिल्यांदाच मला पाणी विचारलं.

शेरा आला. ‘काही नावे अदृश्य का?’ उत्तर गेलं. त्यानंतर काहीच आलं नाही. पाऊस लांबला होता आणि आदेशही. वर्कशॉपात रोज नवी बातमी. नरडाण्याची जागा नाशिकच्या कोणाला शिफारशीवर मिळाली, ही त्यांतली एक. ती ऐकल्यावर मी जळगावला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा साहेब बैठकीत होते. अक्काने मला एकदाही काही विचारलं नाही. ती नुसती माझ्या टेबलावरून जाताना चाल हळू करायची. ते जास्त वाईट होतं.

आणि आणखी एक झालं. त्या सकाळनंतर नाना मस्टरवर सही करण्याआधी पान उलटून बघायला लागले. मग दुसरा, मग तिसरा. थोड्याच दिवसांत सगळेच. रांग लांब व्हायला लागली. विचारून जोडलं होतं, तरीही. मी टेबल थोडं आधी मांडायला लागले.

आदेश ई-मेलवर आले. मी छापले आणि आधी तिचा शोधला. नरडाणा. पुन्हा वाचला, नाव, नवऱ्याचं नाव, सगळं बरोबर होतं. मग बाकीचे पाहिले. बरेच जण जळगावला, एक सावद्याला, दोघे नाशिकला. ज्यांची नावं झाकली होती त्यांतले तिघे विदर्भात, एक मराठवाड्यात. नाना कोकणात. त्या गावाचं नाव आम्ही मोबाईलवर शोधलं, तेव्हा कळलं की ते समुद्राच्या अगदी काठावर आहे. नानांनी नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, रुजू होईन आणि रजा टाकीन, निवृत्ती तिथूनच. मी म्हटलं, अजून अर्ज करता येईल. ते म्हणाले, “त्याच्यावर सही लागेल ना?”

आदेश वाटायला मी बैठकीच्याच खोलीत बसले होते. एकेक जण दारात यायचा, उंबऱ्याबाहेरून हात पुढे करायचा, कागद घ्यायचा, पोच द्यायचा. अक्काही तशीच दाराशी येऊन थांबली. मी उठले नाही. म्हटलं, आत ये, बसून वाच. तिने मागे व्हरांड्यात पाहिलं. नाना तिथेच होते, दुसरीकडे बघत. ती आत आली आणि दारालगतच्या खुर्चीवर टेकली, कडेवर, अर्धी.

ती सावकाश वाचते. ओठ हलतात. तिने पूर्ण आदेश वाचला, महामंडळाच्या नावापासून खालच्या प्रतींच्या यादीपर्यंत. सोनगीरच्या बसची वेळ झाली होती, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी घाई केली नाही. वाचून झाल्यावर तिने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. पोचेच्या प्रतीवर सही केली, तारीख घातली, खालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढली आणि पेन मला परत दिलं.

“उद्यापासून तठेच?”

“तिथेच. मस्टरवर सकाळी सही करायची.”

“तठला मस्टर मी पहिले उलटा करी देखसू,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून बसकडे निघाली.